संपतचा व्हिसा आणि बानूबाईचा अंगठा

शिरूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. खरेदीखत, हक्कसोड, प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते मी लिहून देतो. तीस वर्षांत नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण कारेगावच्या संपत कोळपेइतकं मेंढरांना नाक मुरडणारं धनगराचं पोरगं पाहिलं नाही. बाप भिमा मेंढरांमागं फिरून म्हातारा झाला आणि हा बापाच्या घोंगडीला वास येतो म्हणून ताट घेऊन ओसरीत जायचा. भिमाचा दहावा झाला, त्याच आठवड्यात यानं सगळी मेंढरं विकून टाकली.

हाच संपत २००५ साली मेंढरं पाळायला न्यूझीलंडला निघाला.

मधल्या काळात त्याची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. आलेल्या पैशात त्यानं कामगारांसाठी खोल्या बांधल्या, पाण्याचे टँकर घेतले. पैसा चांगला खेळत होता. मग पुण्यातला एक एजंट भेटला. तिकडं धंद्यात पैसा गुंतवला की अख्ख्या कुटुंबाला व्हिसा मिळतो, असं त्यानं याच्या डोक्यात भरवलं.

"तिथं माणसांपक्षी मेंढरं जास्ती हायेत, पोपटराव," संपत मला म्हणाला. "आन् आपला तर वडिलोपार्जित धंदा."

"तू कधी मेंढरू धरलंस का रे?"

तो हसला नाही. "हितं कितीबी कमवा, पारावर आजून 'ए संप्या'च म्हणत्यात. पाटलाचं शेंबडं पोरगं बी म्हणतंय. माझ्या स्वराजला कुणी आसं हाक मारायला नको. तिथं मालक म्हणून उतरायचं."

हे मात्र खरं होतं. मला त्याची कीव आली.

अर्जाला अनुभवाचा पुरावा हवा होता. रस्त्यानं चाललेला एक कळप संपतनं तासाभरासाठी मागून घेतला, भाड्याचा फेटा बांधला आणि फोटोग्राफर बोलावला. मेंढरं काही त्याच्याजवळ थांबेनात. शेवटी खऱ्या मेंढक्यानं समोरून हाळी दिली, तेव्हा कुठं ती फोटोपुरती उभी राहिली. सोंग छान वठलं होतं, आणि तेवढ्यावर काम भागलं असतं. पण एक दिवस व्हिसाच्या कचेरीचं पत्र आलं.

गुंतवणुकीचा पैसा जमिनीचा. जमीन बापाची. बापामागं सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव लागलं होतं, ते नंतर कमी झालं. बदल्यात तिला काय मिळालं? काही मिळालं नसेल तर तिनं वाटा आपल्या मर्जीनं दिला आणि या पैशावर तिचा दावा नाही, असा तिचा जबाब एकवीस दिवसांत पाठवा.

तिचं नाव कमी करणारं ते हक्कसोड मीच लिहिलं होतं.

ब्याण्णव सालची गोष्ट. आमच्याकडं बापाच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेरची वाट बंद होते. सोडून देणारीला साडी-चोळी मिळते आणि दिवाळीला बोलावणं येतं. बानूबाई दौंड तालुक्यातल्या राहूला दिलेली. दोन एसट्या बदलून ती शिरूरला आली. संपतनं तिला हिरवी साडी घेतली, भेळ खाऊ घातली आणि माझ्या टेबलापाशी आणली. मी नेहमीचं लिहिलं: 'भावावरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने.' जमीन कारखान्यांना जाणार असल्याची नोटीस तेव्हा संपतच्या वरच्या खिशात होती. ती मला दिसली होती. बानूबाईला वाचता येत नव्हतं. मी फी घेतली आणि गप्प बसलो.

आता संपत तिला बोलेरोतून घेऊन आला. ती पन्नाशीची, पण दिसत होती सत्तरीची. जबाब दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचायला हवा होता. एजंटाचा फोन सारखा वाजत होता.

"आक्का काय म्हणती ते लिवा," संपत फोन कानाला लावून लांब जाता जाता म्हणाला. "आंगठा झाला म्हंजी झालं."

मी पेन उघडलं. "बोला, बानूबाई."

"खरं लिवणार का, भाऊ?"

"लिहितो."

"मंग लिवा. वाटा मी राजीखुशीनं न्हाई दिला. भ्यानं दिला. न्हाई म्हणले आसते तर माहेर तुटलं आसतं. एक साडी मिळाली, ती कवाच फाटली. आता भाऊ देशच सोडून चाललाय, तवा माहेर तसंबी ऱ्हात न्हाई. पैशावर माझा दावा न्हाई. त्याचा त्याला लखलाभ."

मी शब्दन् शब्द लिहिला. संपतला हाक मारून वाचून दाखवावं, असं एकदा मनात आलं. नाही मारली. तिनं अंगठा दिला, वकिलानं शिक्का मारला. पुण्यात एजंटानं 'दावा नाही' एवढी ओळ पाहिली, बाकीचं न वाचताच सगळा कागद एका मुलीकडून इंग्रजीत करून घेतला आणि पाठवून दिला.

दोन महिन्यांनी नकार आला. वाटा मर्जीनं दिल्याचं दिसत नाही, सबब अर्ज नामंजूर.

संपत माझ्या टेबलावर पत्र आपटून ओरडला, "तुमी आसं लिवलंच कसं?"

"तूच म्हणालास, काय म्हणती ते लिवा."

"आवो, पण कागद काय वाचायला आसतो व्हय?"

आमच्या कचेरीत त्याचं हे म्हणणं अगदी बरोबर होतं. शिक्का आणि अंगठा सोडून कागदावर काय आहे, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चूक एवढीच की बिचाऱ्याचा कागद वाचणाऱ्यांच्या हाती गेला. आता गाव त्याला 'न्यूझीलंड' म्हणतं. 'ए संप्या' परवडलं असतं.

भाऊबीजेला मी माझ्या बहिणीला गाडीत बसवून द्यायला शिरूरच्या स्टँडवर गेलो होतो. तिथं बाकावर बानूबाई ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून बसली होती. कारेगावहून परतली होती.

"भेटला का संपत?" मी विचारलं.

"आत टीव्ही चालू हुता. फाटक न्हाई उघडलं." तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. "त्या लोकांनी समदं वाचलं म्हणं?"

"हो. सगळं."

तिनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "भाऊ, इतकं खरं लिवता येतंय तुमास्नी. मंग तवाच का न्हाई लिवलं?"

माझी बहीण माझ्या शेजारीच उभी होती. तिनं मला दिलेलं हक्कसोडही माझ्याच अक्षरात आहे. ती समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिली.