पाण्यातले देव

आमच्या घरी काही अडलं की देव पाण्यात जायचे. ही आईची पद्धत. माझा दहावीचा निकाल, मावशीचं बाळंतपण, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दर वेळी ती देवघरातले सगळे देव उचलून पाण्याने भरलेल्या तांब्याच्या पातेल्यात बुडवून ठेवायची. काम झालं की बाहेर, तोवर आत. रोज पाणी बदलायचं, वर एक फूल सोडायचं. देवाला असं वेठीला धरणं मला फार आवडायचं, कारण एरवी आई कुणालाच वेठीला धरायची नाही.

ती गेली आणि कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत मी आणि बाबा उरलो. पूजा बाबांकडे आली. जन्मभर कारखान्यात फिटर असलेला माणूस. वर्तमानपत्र पसरून त्यावर गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड आणि नंदी सुट्या भागांसारखे ओळीने मांडायचे, जुन्या बनियनने पुसायचे आणि परत बसवायचे. नंदीचं तोंड पिंडीकडे हवं हे मी तीनदा सांगितलं. चौथ्या दिवशी नंदी पुन्हा खिडकीतून डम्पिंग ग्राउंडकडे बघत होता.

मागच्या वर्षी ऑफिसात बढतीची जागा निघाली, पण बंगळूरला. मी मुलाखत देणार म्हटल्यावर बाबा ‘बरं’ म्हणाले आणि डाळीला फोडणी द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी देव पाण्यात होते. मला भरून आलं. आई नाही, पण माझ्यासाठी आईचं काम कुणीतरी करतंय, हे मी दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं. बाबांना चिडवलंसुद्धा, की गणपतीला सर्दी झाली तर एवढी मोठी सोंड कोण पुसणार. ते हसले नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी पेढे घेऊन घरी आले, एक पातेल्यापाशी ठेवला आणि देव बाहेर काढायला सांगितले. बाबा म्हणाले, राहू दे आजचा दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते पाणी बदलत होते आणि माझं डोकं सटकलं. काम झालं ना, मग कशाला भिजवताय त्यांना, असं मी जोरातच विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “तुझा काम झाला गो. माझा खंय झाला अजून?”

मला समजायला एक क्षण लागला. ज्या देवांच्या भरवशावर मी छाती पुढे काढून मुलाखती दिल्या, ते तीन आठवडे माझ्याविरुद्ध कामाला लावलेले होते. खरं तर राग यायला हवा होता. रडू आलं, ते मी मोरीत जाऊन उरकलं. बाहेर येऊन म्हटलं, मी जात नाही. अगदी मनापासून म्हटलं. त्यावर मात्र ते भडकले. मी देवाकडे मागितलंय, तुझ्याकडे नाही, म्हणाले. आणि तिथल्या तिथे एकेक देव काढून बनियनने कोरडा केला.

निघायच्या दिवशी त्यांनी रुमालात गुंडाळून अन्नपूर्णा माझ्या हातात ठेवली. हातात पळी घेतलेली, बोटभर उंचीची पितळेची देवी. आमच्यात ती लेकीला लग्नात देतात, आईलाही तशीच तिच्या माहेरून मिळाली होती. मी म्हटलं, माझं लग्न कुठे झालंय?

“भूक काय लगीन झाल्यावरच लागता?” बाबा म्हणाले.

आता ती बंगळूरला माझ्या ओट्यावर असते. बाबांनी इथे येऊन राहावं म्हणून मी सहा महिने मागे लागलेय. त्यांचं एकच उत्तर, इथल्या देवांची पूजा कोण करणार? घेऊन या म्हटलं तर विषय बदलतात. मी त्यांचीच मुलगी. गेल्या सोमवारी अन्नपूर्णेला स्टीलच्या डब्यात पाण्यात ठेवलं आणि वर जास्वंदीचं फूल सोडलं.

काल फोनवर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, अन्नपूर्णा बरी आहे ना? मी म्हटलं, जरा भिजलीय.

 पलीकडे आमच्या घरचा पंखा कुरकुरत होता, तो मला ऐकू येत होता.

“पाणी रोज बदलतंस मा?” त्यांनी विचारलं.