चादरीच्या घडीतलं गाणं

ते गाणं सुचलं कसं, असं कोणी विचारलं की धाकटा डोळे अर्धे मिटून म्हणायचा, "प्रेमभंगातून." मागे माइकच्या वायरी गुंडाळणारी त्याची थोरली बहीण तिथूनच सुनावायची, "प्रेमभंग कसला मेल्या! इस्पितळाच्या चादरी होत्या त्या."

आणि ताईचंच खरं होतं.

तरुणपणी दोघं भावंडं इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. वाफेनं भिंतींना घाम फुटलेला, खिडक्यांच्या काचा कायम दुधाळ. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी दोन टोकं धरून ताणायची, मग एकानं जागेवर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं घडी घालत त्याच्याकडे चालत यायचं. कंटाळा जावा म्हणून ताईनं त्यात एक रीत घातली. जो उभा, त्यानं एकच सूर लावून धरायचा. जो चालेल, त्यानं गायचं. चालणाऱ्याचा आवाज खालून चढत यायचा. वाटेत दोन्ही आवाज एकमेकांना असे घासायचे की अंगावर काटा यावा. मग चादरीच्या कडा जुळायच्या आणि दोघं एका सुरावर टेकायची. धरणाऱ्याचा दम संपत आला की दुसऱ्यानं ओरडायचं, "बाजू बदल!"

धाकट्यानं त्यावर गिटार चढवली, मित्रानं ड्रम्स चढवले, आणि ते रॉक गाणं लॉन्ड्रीच्या दारातून जे बाहेर पडलं ते थांबलंच नाही. ट्रकमध्ये वाजलं, न्हाव्याच्या दुकानात वाजलं. पोस्टरवर धाकट्याचा चेहरा. ताई लॉन्ड्रीतली पाळी संपवून, हाताला साबणाचा वास तसाच घेऊन यायची, मागे उभी राहायची आणि सूर धरायची. बाजू बदलायची रीत मात्र लॉन्ड्रीतच राहून गेली.

"एकच तर सूर," ड्रमवाला चिडवायचा. "पाठांतराची कटकट नाही. मजा आहे बुवा ताईची."

"मग धर की तू. डोळे पांढरे होतील."

तो कधी धरायला गेला नाही. ताईचा सूर काढून घेतला तर मागे नुसती आरडाओरड उरेल, हे त्यालाही ठाऊक होतं.

केस पिकले. बँडचा शेवटचा कार्यक्रम मैदानावर ठरला, आणि तालमीत ताईचा श्वास अर्ध्यावर तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. इतक्या वर्षांची वाफ छातीत जाऊन बसली होती.

"एखादी तरुण मुलगी बघ," ती धाकट्याला म्हणाली. "लवकर तयार होईल."

"तू नाहीस तर ते गाणं नाही."

"मग लोक येतील कशाला? तुझं टक्कल बघायला?"

ड्रमवाला हसला.

ताई उठली. ड्रम्सवर टाकायची जुनी चादर कोपऱ्यात बोळा होऊन पडली होती. तिला ते बघवेना. तिनं चादर झटकली, तसं धाकट्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. तो घड्या घालत निघाला, तिनं सवयीनं सूर लावला, आणि तो तुटला. धाकटा जागीच थांबला. मग लॉन्ड्रीत ओरडायचा तसा ओरडला, "बाजू बदल!"

त्यानं तिचा सूर धरला. ती गात चालू लागली. गाण्याच्या चालीत श्वासाला जागा होती. ओळ संपली की थांबावं, हवा घ्यावी, पुढचं पाऊल टाकावं. कडा जुळेपर्यंत तिचा श्वास एकदाही तुटला नाही.

"अरे, पण लोक तुला ऐकायला येतात," ती म्हणाली.

"मी काय घरी राहणार आहे? मागे उभा असेन."

मैदानावर ताई पुढच्या माइककडे आली तेव्हा आधी कुजबुज उठली. तिनं पहिली ओळ गायली. आवाज जाडाभरडा होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखा. कुजबुज विरली. कडव्याच्या शेवटच्या ओळीला तिचा सूर भावाच्या सुराला येऊन मिळाला आणि सारं मैदान उभं राहिलं.

दोन कडव्यांच्या मधे नुसती गिटार वाजत होती, तेवढ्यात तिनं मागे पाहिलं. धाकट्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, तोंड लालबुंद झालं होतं.

"एकच सूर म्हणे!" तो धापा टाकत म्हणाला. "कसा गं धरलास इतकी वर्षं?"

"सरळ उभा राहा," ताई म्हणाली. "अजून एक कडवं आहे."