फोनमधल्या बाई

लकवा माझ्या डाव्या अंगावरून गेला तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. पाय दोन महिन्यांत सावरला. हात मात्र दुसऱ्या कुणाचा असावा तसा नुसता लोंबत राहिला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "औषधानं व्हायचं तेवढं झालं. आता रोज व्यायाम पाहिजे, कुणीतरी शिकवणारं पाहिजे." आमचं गाव साखरा. तिथून रोज हिंगोलीला जाणं-येणं कसं जमावं? मालकांनी शेत बघावं की मला घेऊन एसटीत बसावं?

परभणीला दिलेल्या लेकीनं मग फोनवर एक व्हिडिओ पाठवला. चष्मा लावलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई त्यात लकव्याच्या माणसांना व्यायाम शिकवायच्या. पुण्याकडच्या होत्या. पहिल्या दिवशी मी फोन तांब्याला टेकवून उभा केला. त्या "नमस्कार" म्हणाल्या आणि मी चटकन डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्या म्हणायच्या, "आता बोटं उघडा. घाई नाही, मी थांबते." आणि खरंच थांबायच्या. घरातली माणसंही माझ्यासाठी थांबायची, पण त्यांच्या डोळ्यांत कीव दिसायची. बाईंच्या डोळ्यांत ती नव्हती. थोड्या वेळानं त्या म्हणायच्या, "शाब्बास, जमलं की!" माझं बोट तसूभरही हललेलं नसायचं. फार लाज वाटायची. एकदा मी बोलूनच गेले, "न्हाई जमलं वो बाई. उगं काहून शाब्बास म्हणता?"

मालक दारात चपला काढत होते. "कुनाशी बोलून राहिली?"

"बाईंशी."

"त्यास्नी ऐकू जातं व्हय?"

"न्हाई."

पण दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या व्यायामाच्या वेळी ओसरीवर बसायला लागले. शेजारीण आली की सांगायचे, "थांबा जराक, तिच्या बाई आल्यात."

हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा एक व्यायाम होता. हरभरे वाटीपेक्षा जमिनीवरच जास्त पडायचे. कितीतरी दिवस असंच चाललं. एका सकाळी मात्र अंगठा आणि बोट एकमेकांना टेकली, एक हरभरा उचलला गेला आणि पलीकडच्या वाटीत पडला. तेवढ्यात बाईंचं "शाब्बास" आलं. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला होता. शब्द तेच, सूरही तोच. त्या दिवशी मात्र ते मला लागू झालं. मी आधी फोनला हात जोडले, मग मालकांना हाक मारली.

लेकीनं माझ्या वतीनं त्या व्हिडिओखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. उत्तर आलं नाही. तिथं शेकडो जणांनी लिहिलं होतं, त्या कुणाकुणाला उत्तर देणार?

पुढच्या वर्षी हिंगोलीत बायकांचा आरोग्य मेळावा होता आणि बाई येणार होत्या. आम्ही दोघं गेलो. भाषण झाल्यावर त्यांना भेटायला रांग लागली. काय काय बोलायचं ते मी वाटेत दहादा घोकलं होतं. माझा नंबर आला. त्यांनी सगळ्यांना विचारलं तसंच मलाही विचारलं, "कुठून आलात?"

वेडेपणाच माझा. पण रोज माझ्या घरात येणारं माणूस मलाच विचारतंय, कुठून आलात, असं वाटलं आणि घोकलेलं सगळं विसरले. "साखऱ्याहून," एवढंच तोंडातून आलं. मग मी पिशवीतली आमच्या शेतातली हळदीची पुडी काढली आणि डाव्या हातानं पुढं केली. पुडी बोटांत कशीबशी धरली होती.

शेजारी उभी असलेली कार्यकर्ती म्हणाली, "मावशी, डाव्या हातानं देत नसतात. उजवा करा पुढं."

"ह्याच हातानं द्यायची हाय," मी म्हणाले.

बाईंनी चष्म्यातून माझ्या हाताकडं पाहिलं. पुडी घेतली, बाजूला ठेवली आणि माझं मनगट धरलं. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"व्यायाम कुठं केलात?"

"तुमच्यापाशी."

त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडून पाहिली. मग माझा अंगठा धरून म्हणाल्या, "हा अजून आत वळतोय. असा बाहेर काढायचा, सकाळ-संध्याकाळ." करून दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या, तेव्हा मी बाजूला झाले. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एसटीत मालकांनी विचारलं, "वळखलं का?"

"न्हाई. पर अंगठ्याचं सांगितलं."

"मंग झालं की," ते म्हणाले.

यंदा लेक बाळंतपणाला आली. लेकराला पायांवर घेऊन मी दोन्ही हातांनी न्हाऊ घालते. अंगठा बाहेर काढला की चार बोटांच्या आधारानं डाव्या तळव्यात त्याची मान बराबर बसते. लेकीनं परवा तसा फोटो काढला आणि विचारलं, "बाईंना पाठवू का गं?"

"पाठव," मी म्हणाले. "उत्तराची वाट नको बघू, पर पाठव."