विचारायला वेळ नव्हता

भुयारी रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे ताईच म्हणत. बावीस वर्षांत साहेबांना विचारल्याशिवाय तिने कधी रुळांची वीज तोडली नव्हती.

त्या दुपारी एका मोटरमनचा फोन आला. "ताई, गाडी बोगद्यात अडकलीय. एक आजोबा दार उघडून खाली उतरलेत, अंधारात दिसेनासे झालेत."

रुळाशेजारच्या पट्टीत वीज खेळत होती; पाय लागला की खेळ खलास. साहेब मीटिंगमध्ये, फोन उचलेनात. वीज तोडली तर अकरा गाड्या जागच्या जागी थांबणार होत्या. तरी ताईने बटण दाबलं.

साहेब धावत आले. "कुणाला विचारून?"

"विचारायला वेळ नव्हता, साहेब."

वीस मिनिटं मोटरमन बोगद्यात आजोबांना शोधत होता. मग तो फोनवर ओरडला, "सापडले! पट्टीपासून हातभर अंतरावर बसलेत. म्हणतात, घरी बायको आजारी आहे, चालतच निघालो होतो."

साहेब ताईशेजारी मटकन बसले. "रिपोर्टमध्ये लिही, हुकूम माझा होता."

"नको साहेब. मीच तोडली, मीच तसं लिहीन," ताई म्हणाली. तिने रिपोर्टचा कागद पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, वीज मी तोडली.