माणगावच्या गिरणीचा पहिला तांदूळ

मंडळी, माझ्या वडिलांनी हौसेखातर गिरणीचा तांदूळ घरी आणला, असे माझ्या नातवाने आज सकाळी या समूहावर लिहिले. ते चूक आहे. दुपारी शंभरीला आलेल्या ताईला फोन करून मी खात्री केली.

निर्णय आजीचा होता. एकोणीसशे तीसच्या दशकात माणगावात भातगिरणी आली. त्याआधी आईची दोन बाळे पोटातच गेली होती आणि तिला पुन्हा दिवस राहिले होते.

शेजारीण म्हणाली, "गिरणीचा तांदूळ देवाला चालत न्हाय."

आजी म्हणाली, "देवापुरता मी कांडीन. देव जेवतो किती? सुनेच्या हाती मुसळ देणार न्हाय."

आजीचे हे ऋण फिटणारे नाही.

आता तिथ्या दुरुस्त करून घ्याव्यात. गिरणी सुरू झाली शिमग्यानंतर, दिवाळीत नव्हे. आमचे भात तिथे गेले अक्षय्य तृतीयेला. माझा जन्म त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेचा.