पेरू पाहून आलेले गृहस्थ

सौदीतल्या अल खफजीला आमच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांकडे मी आणि माझा नवरा दिवाळीच्या फराळाला गेलो, तिथे हे गृहस्थ भेटले. नुकतेच सपत्नीक पेरू देश पाहून आले होते. मोबाइल कुणाच्या हातात देत नव्हते. चिवड्याने तेलकट झालेल्या अंगठ्याने स्वतःच फोटो सरकवत होते.

"माचू पिक्चूला पहाटेची पहिली बस धरायची. आपला रायगडच हो, फक्त लामा जास्त!" लामा म्हणजे बिनकुबडाचा उंट, हेही त्यांनी आम्हाला या उंटांच्या देशात समजावून सांगितलं.

पायऱ्यांवर, लामाशेजारी, ढगांत, सगळीकडे त्यांची बायकोच होती. मी विचारलं, "तुमचा एकही फोटो कसा नाही?"

चकल्यांचं ताट घेऊन आलेल्या बायकोनंच उत्तर दिलं. "हे हॉटेलात पडून होते, नाकाला ऑक्सिजन लावून. उंचावरची हवा सोसली नाही. मी एकटीच जाऊन आले."

गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "पण प्लॅनिंग कुणाचं होतं?"

खोलीतल्या सगळ्या पुरुषांनी गंभीरपणे माना डोलावल्या. ती चकल्या वाढत पुढे गेली.

आता आमचंही पेरूला जायचं ठरलंय. तिथे काय काय बघायचं, हे विचारायला माझ्या नवऱ्यानं परवा फोन लावला, तो त्या गृहस्थांनाच.