तिसऱ्या कडव्यातली घंटा

ती कवळ्या बनवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे गल्लीत एक खोली, तिथे सव्वीस वर्षं मेण, प्लास्टर आणि गुलाबी भुकटी यांच्या संगतीत काढली. गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. शनिवारच्या मंडळीत मात्र तिला 'कान' म्हणत, आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं.

मंडळी म्हणजे चार माणसं. हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर, खिळ्यांच्या खोक्यांमधे खुर्च्या मांडून, शनिवारी दुपारी ते जुनं कंट्री म्युझिक ऐकायचे. दूरदेशीच्या खाणमजुरांनी, गुराख्यांनी, गिरणी-वखारीतल्या माणसांनी कधीकाळी बँजो आणि फिडल घेऊन गायलेली गाणी. ज्याची पाळी असेल त्याने आपला आवडता गायक आणायचा, आणि तोही नावारूपाला येण्याआधीचा, अगदी पहिल्या रेकॉर्डिंगमधला. दुकानदाराला गळा वरखाली फेकत गाणारे गुराखी आवडायचे. ग्रंथपालबाई एका म्हातारीच्या प्रेमात होत्या. ती साथीला काहीच न घेता गायची, आणि मधेच श्वास लागला की तशीच थांबायची. बसचालकाचा जीव दोन बहिणींवर होता. त्यांच्या अकरा तबकड्या त्याने वीस वर्षांत एकेक करून मिळवल्या होत्या आणि पावसापाण्यात बसच्या सीटखाली ठेवून घरी नेल्या होत्या.

दातवालीचा माणूस एकच, लाकडाच्या गिरणीत करवत ओढणारा एक गायक. त्याने एक गाणं दोनदा गायलं होतं. पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. तेव्हा तिसऱ्या कडव्यात बाहेरून जाणाऱ्या कुठल्याशा गाडीची बारीक घंटा रेकॉर्डमध्ये शिरली. कंपनीने मग ते पुन्हा बंद खोलीत गाऊन घेतलं. लेबल तेच, नंबरही तोच. दोन्हींतला फरक सांगायची एकच खूण, ती घंटा. दातवालीने ती तरुणपणी, कवळ्यांचं काम शिकत असताना, ते शिकवणाऱ्या उस्तादाच्या घरी एकदाच ऐकली होती आणि तेव्हापासून मंडळीला शंभरदा सांगितली होती.

त्या शनिवारी बसचालक घामाघूम होऊन जिना चढला. हातात चौकोनी पाकीट.

"तुमचा करवतवाला," तो म्हणाला. "परगावच्या पेटीवाल्याकडे निघाला. बदल्यात माझ्या दोघी बहिणी मागतोय."

"किती?" दुकानदाराने विचारलं.

"अकराच्या अकरा. पण पहिलं रेकॉर्डिंग असेल तरच. म्हणाला, घेऊन जा, तुमच्या त्या कानाला ऐकवा, मग सांगा."

दुकानदाराने सुई ठेवली. खरखर सुरू झाली, तिच्यातून बँजो आला, मग तो जाडाभरडा आवाज. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला दातवाली पुढे वाकली. खरखर, आवाज, खरखर. घंटा नाही. तिने डोकं जरा फिरवून दुसरा कान पुढे केला. तरी नाही.

तेव्हा तिने खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं, की नाही बुवा ऐकू आली. पण गेले काही महिने तिला एक भलतीच शंका कुरतडत होती. ग्रंथपालबाईंचं बोलणं अलीकडे तोंडात रुमाल धरल्यासारखं वाटायचं. घंटा रेकॉर्डमध्ये नाही, की आपल्यालाच ऐकू येत नाही? तिने चोरून इकडेतिकडे पाहिलं. ग्रंथपालबाई डोळे मिटून हसत होत्या.

"आहे," दातवाली म्हणाली. "पहिलंच आहे."

"मला नाही आली ऐकू," दुकानदार म्हणाला.

"खरखरीत दडलीय. सवय लागते त्याला."

त्यांनी पुन्हा लावलं. या खेपेला दुकानदाराने मान हलवली. "हो हो, आली! अगदी पुसट." ग्रंथपालबाईंनाही आली. बसचालकाचे तर डोळेच भरून आले.

अकरा तबकड्या बुधवारी परगावी गेल्या.

त्यानंतर दातवालीच्या जिवाला चैन पडेना. कवळी घासायला घेतली की तिसऱ्या मिनिटाला उठायची, नळ बघायची, खिडकी उघडायची, परत लावायची. घरी थोरली बहीण होती, शिवणकाम करून डोळे थकलेली, पण जिभेला जराही गंज न चढलेली. ती म्हणाली, "बस की एका जागी! तुझ्याकडे बघून मला चक्कर येते."

"काही नाही गं ताई."

"काही नाही तर मग चहात मीठ का घातलंस?"

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातली मदतनीस धावत खोलीत आली. "अहो, तुमचा टायमर केव्हाचा बोंबलतोय! तिकडे पेशंटसुद्धा वैतागले!" दातवाली टायमरपासून दोन हातांवर बसली होती. कवळीचा साचा ज्यात उकळत ठेवला होता, त्या भांड्यातलं पाणी पार आटलं होतं. साचा उघडला तर कवळीच्या हिरडीवर सगळे बुडबुडे. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. तिने टायमर उचलून कानाला लावला. बोटांना तो थरथरत होता, इतकंच.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर एक रेघ दाखवली. रेघ डावीकडे ठीक होती आणि उजवीकडे जिना उतरावा तशी खाली गेली होती.

"जाड आवाज चांगले येतात तुम्हाला. बारीक गेलेत. काम काय करता?"

"कवळ्या घासते. मशीनवर."

"कानांत काही घालून?"

तिने नकाराची मान हलवली.

"हे काही काल-परवाचं नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा-सात वर्षं तरी चाललेलं असणार."

सहा-सात वर्षं! ती दवाखान्यातून निघाली ती घरी गेलीच नाही, नुसती चालत सुटली. या सहा-सात वर्षांत किती जणांना आपण छातीठोक सांगितलं, हे पहिलं, हे दुसरं, हे अस्सल, हे नंतरचं? लोक निकालासाठी पत्रं पाठवायचे, तबकड्यांची पार्सलं पाठवायचे. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चालता चालता ती एकदा भलत्याच गल्लीत शिरली, आणि एका अनोळखी दारासमोर किल्ली काढून उभी राहिली.

शुक्रवारी तिने बसचालकाकडून रेकॉर्ड मागून आणली. 'पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतंय' म्हणाली. त्याने आनंदाने दिली, वर फडक्यात गुंडाळून दिली.

"ताई, जरा इकडे ये. एक ऐकायचंय."

"तो रेकणारा? मला पाप लागेल."

"एकदाच. माझ्यासाठी."

ताई खुर्चीत बसली, सुई-दोरा घेऊनच. दातवालीने सुई तिसऱ्या कडव्यावर ठेवली. "काय काय येतंय ते सांग. गाणं सोडून."

"खुर्ची करकरतेय. तो एकदा खाकरला. कुणीतरी पाय आपटतंय तालावर."

"आणि घंटा?"

"कसली घंटा?"

"बारीक. लांबून."

"घंटा-बिंटा काही नाही."

"नीट ऐक."

पाच वेळा लावली. सहाव्या वेळी ताईने सुई-दोरा खाली ठेवला आणि धाकटीकडे टक लावून पाहिलं. "तुला ऐकू येत नाही ना? दाराची बेल वाजते तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघतेस. मला वाटलं, सांगशील आपणहून."

दातवालीने रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच सगळी भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेपोत गेली. बसचालक गाडीखाली वाकून टायर तपासत होता. त्याने वर पाहिलं आणि हसला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, कान, डॉक्टर, जिन्यासारखी रेघ, ताई. हसू कुठल्या वाक्याला गेलं ते तिला कळलं नाही.

"पण मला ऐकू आली होती," तो म्हणाला.

"नव्हती आली."

"अहो, खरंच आली होती! रोज येते. काल रात्रीही आली."

"मी म्हणाले म्हणून आली."

तो टायरवर हात टेकून उभा राहिला. "ऐकू येत नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं?" त्याने आवाज चढवला नाही, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "मी काय तुम्हाला मंडळीतून काढलं असतं?" मग तो गाडीत चढला आणि दार लावून घेतलं. सुटायला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं तो काचेतून समोरच बघत बसला.

रविवारी ती एकटी परगावी गेली, रेकॉर्ड मांडीवर घेऊन, तीन तासांच्या प्रवासात चारदा जागा बदलत. पेटीवाला म्हणजे जुन्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या घरात पेट्यांचे भाते भिंतीला टांगलेले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठे म्हणालो पहिलं आहे? मी तर म्हणालो, कानाला विचारा."

"तो कान मीच."

पेटीवाला ओशाळला. पण दोघी बहिणींपैकी आठ तबकड्या त्याने पुढे दिल्याही होत्या. उरलेल्या तीन त्याने निमूट काढून दिल्या. करवतवाला परत घ्यायला मात्र तयार होईना. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणाला. कुठल्या आठ कुणाकडे गेल्या, तेवढं त्याने लिहून दिलं.

त्या तीन तबकड्या तिने बसचालकाच्या घरी नेऊन दिल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही.

त्यानंतर दातवाली दोन शनिवार गेली नाही. त्या दिवसांत तिने पत्रं लिहिली. आठ तबकड्यांसाठी पाच जणांना, आणि ज्यांना ज्यांना तिने निकाल दिले होते त्या सगळ्यांना. 'मी सांगितलेलं चूक असू शकतं. चांगल्या कानाच्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यावं.' लिहायला बसली की उठायची, उठली की परत बसायची. एकाने उत्तर पाठवलं, की तुम्ही सांगितलंत तेच मी धरून चालणार, आता या वयात मला नवीन कळून काय करायचंय. दुसऱ्याने चार पानं शिव्या दिल्या. दोघी बहिणींची एक तबकडी एका शाळामास्तरांकडून परत आली, बाकीच्यांचं अजून काही कळलं नव्हतं. कानात घालायचं यंत्रही आलं. ते घातलं की टायमर स्पष्ट वाजायचा आणि बँजो पत्र्याच्या डब्यासारखा लागायचा. कामाला ती यंत्र घालू लागली, गाण्याला काढून ठेवू लागली.

तिसऱ्या शनिवारी दुकानदार स्वतः बोलवायला आला. माळ्यावर बसचालक आधीच बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचं खिळ्यांचं खोकं उचलून खाली ठेवलं. तिने मास्तरांकडून आलेली तबकडी त्याच्यापुढे धरली. त्याने ती उलटसुलट पाहिली, बाहीने पुसली आणि मांडीवर ठेवली.

ग्रंथपालबाईंनी नवीन गायक आणला होता, एक मेंढपाळ. पहिलं रेकॉर्डिंग की दुसरं, यावरून बाकी तिघांत दीड तास वाद झाला. दुकानदार एक म्हणे, बाई दुसरं. बसचालक म्हणाला, "आता कुणाला विचारायचं?" आणि लगेच खाली बघितलं.

दातवालीला बसवेना. ती जिन्यापर्यंत जाऊन आली, खिडकीशी उभी राहिली, परत आली.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण माणूस चांगला गातो. पुन्हा लावा."